उसाचे बिल, दुकानाचा हप्ता आणि प्राप्तिकराची सवलत



टोळ्या फडात उतरल्या आणि गाड्या काट्यावर लागू लागल्या की गट ऑफिसात "आमचं बिल कधी पडणार?" ही विचारणा सुरू होते. त्याच सुमारास घरोघर दुसरी एक यादी तयार होते. मुलाला मोबाईल, घरात मोठा टीव्ही, जुन्या फ्रिजच्या जागी नवा, आणि जमलंच तर मोटारसायकल. मग एक दिवस जळगावचे गोलाणी मार्केट नाहीतर धुळ्याचा आग्रा रोड. वस्तू घेऊ नका असे सांगण्यासाठी हा लेख नाही. उन्हातान्हात राबणाऱ्याच्या घरात गार पाणी आणि चांगला टीव्ही असू नये असे कोण म्हणेल? फक्त वस्तू घेताना जो हिशेब मांडायचा तो आपण बहुतेक जण दुकानदाराच्या कागदावर मांडतो, आपल्या वहीत मांडत नाही. या अंकात तो आपल्या वहीत मांडून पाहू.

पहिली गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. दुकानाचा हप्ता दर महिन्याला येतो, उसाचे बिल वर्षातून एकदा येते. आडसाली लावणी असेल तर दीड वर्षानेही येते. मासिक हप्त्याची पद्धत पगारदाराच्या सोयीने बनलेली आहे. त्याला एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता. आपल्याला हंगामात एकदा रक्कम, आणि पुढे अकरा महिने त्याच रकमेच्या आधाराने काढायचे.

आता ही रक्कम किती? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली, आणि साडेनऊ टक्क्यांच्या खाली उतारा असणाऱ्या कारखान्यांसाठी ३२९ रुपये ५ पैसे. पारावर मात्र "टनाला साडेतीन हजार" एवढेच लक्षात राहते. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, सोसायटीची वसुली वजा होते, काही कपाती असतात. हाती पडणारा आकडा तिसराच असतो.

समजा एका सभासदाचा ७० टन ऊस गेला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,६०० रुपये पडले. एकूण १,८२,००० रुपये. सोसायटीचे पीककर्ज व्याजासह ९०,००० वळते झाले. राहिले ९२,०००. खोडव्याची खते, मशागत, मोटारीची दुरुस्ती यांना ३०,००० बाजूला ठेवले. राहिले ६२,०००. पुढच्या बिलापर्यंत बारा महिने धरले तर महिन्याला पाच हजारांच्या थोडे वर. किराणा, शाळा, दवाखाना, लग्नकार्याचे अहेर, सगळे यातून. कपाशीचे, केळीचे किंवा दुधाचे पैसे असतील तर ते यात मिळवा. या पाच हजारांत सव्वादोन हजारांचा हप्ता बसवून पाहा, म्हणजे चित्र स्पष्ट होईल.

आणि हे सर्व बिल वेळेवर आले तर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणे कारखान्यांवर बंधनकारक आहे, उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज द्यावे लागते. नियम चांगला आहे. पण खानदेशात धुराडी थंड पडलेले कारखाने आपण पाहिले आहेत, आणि बिल लांबले तर काय होते हे जुन्या सभासदांना सांगायला नको. बिलावरचे व्याज पुढे मिळायचे तेव्हा मिळेल, दुकानाचा हप्ता तोवर थांबत नाही. बँक खात्यात शिल्लक नसली की हप्ता परत जातो. मग बँक एक दंड लावते, कर्ज देणारी कंपनी दुसरा. शिवाय आपल्या नावावर सिबिलमध्ये नोंद पडते, ती निराळीच. पंधरा हजारांच्या मोबाईलचे दोन हप्ते चुकले म्हणून पुढे ट्रॅक्टरच्या कर्जाला खोळंबा, असे प्रकार घडतात.

आता "बिनव्याजी हप्ता". याचे गणित नीट समजून घ्या, कारण चांगले शिकलेले लोकही इथे फसतात. टीव्हीची छापील किंमत २४,००० रुपये. दुकानदार म्हणतो, "आप्पा, झिरो टक्के. बारा हप्ते, महिन्याला दोन हजार. एक पैसा व्याज नाही." बारा दुणे चोवीस, बरोबर. पण त्याच दुकानात आपण रोख पैसे टेबलावर ठेवले तर तो टीव्ही २२,५०० ला मिळतो, आणि हप्त्याने घेताना "फाईल चार्ज" म्हणून ५०० रुपये सुरुवातीलाच घेतले जातात. म्हणजे आपल्याला खरे कर्ज मिळाले २२,००० चे आणि फेडायचे २४,०००. वरचे दोन हजार म्हणजे व्याजच. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते हे धरून हिशेब केला तर हा दर सालीना १६ टक्क्यांच्या वर जातो. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना हेच बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट असत नाही, ते व्याज कुठेतरी दडवलेले असते.

दुसरा प्रकार "फक्त १२ टक्के" चा. २४,००० वर वर्षाचे १२ टक्के म्हणजे २,८८० रुपये. एकूण २६,८८०, भागिले बारा, हप्ता २,२४०. ऐकायला सोसायटीच्या थकबाकीच्या दरासारखेच वाटते. पण पहिल्या महिन्यातच दोन हजार मुद्दल परत गेले, सहा महिन्यांनी निम्मे गेले, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण २४,००० वर मोजले. असा हा "फ्लॅट" दर. घटत्या शिलकीवर मोजला तर तो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास होतो. एक ढोबळ आडाखा सांगतो: वर्षाच्या हप्त्यांत फ्लॅट दर सांगितला की त्याला पावणेदोनने गुणावे, खरा दर जवळपास कळतो.

गुणाकार करायचा नसेल तर कागद मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून असे कर्ज देणाऱ्याने सही घेण्याआधी एक तथ्य-पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने सक्तीचे केले आहे. त्यात सर्व शुल्के धरून वार्षिक खरा दर लिहिलेला असतो, त्याला एपीआर म्हणतात. "भाऊ, एपीआर किती ते दाखवा" एवढे म्हटले तरी काउंटरवरच्या पोऱ्याच्या बोलण्यात फरक पडतो. पत्रक मोबाईलवर पाठवतो म्हणाला तर ते येऊ द्या, वाचा, मग अंगठा किंवा ओटीपी. ओटीपी सांगणे म्हणजे सही करणेच होय, हे घरातल्या पोरांनाही बजावून ठेवा.

मग करावे काय? आमच्या मते ऊस उत्पादकासाठी सरळ मार्ग असा की घरची वस्तू बिल पडल्यावर रोखीने घ्यावी, त्याआधी नाही. रोखीची सूट मागून घ्यावी. एका वर्षी एकच मोठी वस्तू. यंदा बसत नसेल तर पतसंस्थेत नव्हे, बँकेत दरमहा हजार-पंधराशेची आवर्ती ठेव लावावी, पुढच्या हंगामात ती वस्तू येते. (पतसंस्थांवर आमचा राग नाही. पण जळगाव जिल्ह्यात ठेवी अडकून बसलेली घरे किती, हे वाचकांना ठाऊक आहे.) हप्त्यानेच घ्यायची वेळ आली तर अशी वस्तू घ्यावी की जिचा हप्ता तीच फेडील. दूध घालणाऱ्याने मिल्किंग मशीन हप्त्याने घेतले तर दर दहा दिवसांनी दुधाचा पगार येतो, तिथे मासिक हप्ता जुळतो. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही किंवा वार्षिक हप्ता मागता येतो, बँका तो देतात. मागणारा पाहिजे.

पीककर्ज उचलून टीव्ही आणणे हा आपल्याकडचा जुना रोग. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरवताना घरखर्चासाठी दहा टक्के आणि शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी वीस टक्के जादा धरण्याची पद्धत आहे, तेव्हा थोडी उचल घरासाठी झाली म्हणून आभाळ कोसळत नाही. पण या कर्जाचा खरा फायदा वेळेवर फेडीत आहे. सात टक्क्यांचे कर्ज मुदतीत फेडले तर केंद्राच्या सवलतीने चार टक्क्यांवर येते, आणि पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य सरकार त्यातलेही तीन टक्क्यांपर्यंत उचलते. तारीख चुकली की हे सर्व गेले. पावसाळ्याच्या तोंडी दुकानाचे हप्ते भरता भरता सोसायटीची तारीख हुकली, तर टीव्हीचे खरे व्याज किती पडले ते तुम्हीच मांडा.

आता प्राप्तिकराकडे वळू. दुकानदाराचे दुसरे आवडते वाक्य असते, "पक्कं बिल घ्या, टॅक्समध्ये वजा होईल." कोणाच्या टॅक्समध्ये? शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. १९६१ च्या कायद्यात ते दहाव्या कलमाच्या पहिल्याच पोटकलमात होते, आणि १ एप्रिल २०२६ पासून अमलात येण्यासाठी केलेल्या २०२५ च्या नव्या कायद्यातही ही सूट कायम ठेवली आहे. ज्याच्यावर करच नाही त्याला वजा करायचे तरी कशातून? जीएसटीचेही तसेच. वस्तूच्या किमतीत भरलेला जीएसटी परत मिळतो तो नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला, त्याच्या धंद्याच्या मालावर. शेतकऱ्याला तो मिळत नाही.

तरीही पक्के बिल घ्यायचेच. वॉरंटीसाठी घ्यायचे, आणि मोबाईल असेल तर बिलावर आयएमईआय क्रमांक लिहून घ्यायचा, कारण फोन चोरीला गेला तर तो बंद पाडण्यासाठी पोलिसांत आणि सरकारी पोर्टलवर तोच लागतो. सवलत आपल्याला मिळते ती दरात, आधीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा आणि ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरचा आणि ठिबक-तुषार संचाचा १२ वरून ५ टक्क्यांवर. मोबाईलचा १८ टक्केच राहिला. तेव्हा कोणी "जीएसटी कमी झाला म्हणून मोबाईल स्वस्त" म्हणाला तर मनातल्या मनात हसावे. ठिबकच्या जुन्या कोटेशनवर मात्र १२ टक्के लिहिलेले असतील तर ते बदलून घ्यावे.

खरेदी करा आणि कर वाचवा अशा योजना कधी नव्हत्याच असे नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने आपल्या नोकरांना प्रवास सवलतीच्या बदली वस्तू घेण्याची मुभा दिली होती. १२ टक्के किंवा अधिक जीएसटीची वस्तू, पैसे डिजिटल मार्गाने, आणि खर्च भाड्याच्या तिप्पट. ती ३१ मार्च २०२१ ला संपली. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या कर्जावरील व्याजाची दीड लाखापर्यंतची वजावटही होती, पण ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती. आज नव्या गाडीला कोणी तीच सवलत सांगत असेल तर ती त्याच्या तोंडातच आहे, कायद्यात नाही.

मात्र "आपली शेती, आपल्याला कर नाही" एवढ्यावर थांबणेही धोक्याचे. आपल्यापैकी पुष्कळांना शेतीबाहेरचे उत्पन्न असते आणि ते कळत नाही. ठेवीवरचे व्याज शेतीचे उत्पन्न नव्हे, मग ती ठेव उसाच्या बिलातून का झालेली असेना. शेअरवरचा लाभांशही नव्हे. स्वतःच्या ट्रॅक्टरने दुसऱ्याची नांगरटी भाड्याने केली तर ते भाडेही नव्हे, तो धंदा झाला. बँकेतल्या ठेवीचे वर्षाचे व्याज ५० हजारांच्या वर गेले (ज्येष्ठ नागरिकांना एक लाख) तर बँक दहा टक्के कर कापते, पॅन दिलेला नसेल तर वीस टक्के. आपले करपात्र उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत स्वयंघोषणापत्र द्यावे. आजवर १५जी आणि १५एच या नावांनी ओळखले गेलेले नमुने ते हेच. कापला गेलाच तर विवरणपत्र भरून परत मिळतो. हीच आपली सर्वांत हक्काची करसवलत, आणि हीच सर्वांत जास्त लोक सोडून देतात. टीव्हीवर हजार रुपये सूट मिळावी म्हणून तासभर घासाघीस करणारा माणूस बँकेने कापलेले पाच हजार तसेच सोडतो, हे आम्ही पाहिलेले आहे.

घरात नोकरदार असेल तर आणखी एक गोष्ट. समजा सातबारा ज्याच्या नावावर आहे तोच माध्यमिक शाळेत शिक्षक किंवा वीज कंपनीत अभियंता आहे. १९७२ साली के. एन. राज समितीचा अहवाल आला आणि १९७३ पासून अशी पद्धत पडली की शेती उत्पन्नावर कर लावायचा नाही, पण बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते मोजायचे. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर आणि बाकीचे करमुक्त मर्यादेच्या वर असले की हा नियम लागतो. आकड्यांनी पाहू. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे नव्या पद्धतीचे दर धरा. पगाराचे करपात्र उत्पन्न १४ लाख, उसाचे निव्वळ ४ लाख. दोन्ही मिळून १८ लाखांवर कर येतो १,६०,०००. आता शेतीचे ४ लाख आणि करमुक्त मर्यादेचे ४ लाख मिळून ८ लाखांवरचा कर काढा, २०,०००. वजाबाकी १,४०,०००. शेती नसती तर १४ लाखांवर ९०,००० च बसले असते. म्हणजे करमुक्त ऊस असूनही पन्नास हजार वाढले, वर चार टक्के उपकर. पगाराचे करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर नव्या पद्धतीत साठ हजारांपर्यंतची रिबेट मिळते आणि बहुतेकांना काही भरावे लागत नाही. पण विवरणपत्रात शेतीचा आकडा लिहावाच लागतो, आणि तो पाच लाखांच्या वर असेल तर जिल्हा, क्षेत्र, बागायत की कोरडवाहू हेही विचारतात. इथे कारखान्याच्या बिलाच्या पावत्या, खताची बिले, मजुरीची वही कामाला येते. कारण मोजायचे ते निव्वळ उत्पन्न, खर्च वजा जाता. खर्चाचा पुरावा नसेल तर वजा काय करणार?

ज्यांचे कृषी सेवा केंद्र, मोबाईल दुरुस्तीचे दुकान किंवा भाड्याचा ट्रॅक्टर आहे, त्यांना मात्र धंद्याच्या वस्तूवर घसारा मिळतो. कॉम्प्युटरवर वर्षाला ४० टक्के. अट एवढीच की दहा हजारांवरची रक्कम एका माणसाला एका दिवसात रोखीने देऊ नये. दिली तर तो खर्च धरला जात नाही. चेक, बँक किंवा यूपीआय.

कागद नीट असला तर काय होते याचे मोठे उदाहरण सहकारी साखर कारखान्यांचेच आहे. किमान भावाच्या वर सभासदांना दिलेला ऊसदर हा दर नसून नफ्याचे वाटप आहे, असे म्हणून प्राप्तिकर खात्याने वर्षानुवर्षे मागण्या काढल्या होत्या. २०१५ च्या वित्त कायद्याने सरकारने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम कारखान्याचा खर्च धरली, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीच्या वर्षांनाही ती सवलत मिळाली. सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा असे तेव्हा सांगण्यात आले. पण त्यासाठी जुन्या वर्षांच्या दराचे, बिलांचे कागद काढून द्यावे लागतात.

शेवटी शेतातल्या वस्तूंविषयी. विहिरीवर मोबाईलने चालू-बंद होणारा स्टार्टर बसवला तर रात्री दोन वाजता वीज आली म्हणून काट्याकुट्यांतून, बिबट्याच्या भीतीने जावे लागत नाही. आमच्या मते घरातल्या मोठ्या टीव्हीच्या आधी हा यायला हवा. ठिबक संचाला प्रधानमंत्री योजनेतून अल्प-अत्यल्प भूधारकांना ५५ आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेची भर धरून ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जाते. पण टक्केवारी सरकारने ठरवलेल्या मापदंडाच्या खर्चावर असते, दुकानाच्या बिलावर नव्हे. आणि महाडीबीटीवर अर्ज, पूर्वसंमती, मग खरेदी, हा क्रम मोडायचा नाही. आधी संच आणून पसरला आणि नंतर अर्ज केला तर अनुदान हातचे जाते. सौर पंपाला सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के. त्यातही अर्ज आधी.

दुकानाने किंवा कंपनीने दिलेले तथ्य-पत्रक समजत नसेल तर सही करण्यापूर्वी गट ऑफिसात घेऊन यावे. शेतकी खात्याची माणसे खरा दर काढून देतील. येताना मागील हंगामाची बिलाची पावती आणि सोसायटीचे पासबुकही सोबत आणावे, म्हणजे हप्ता बसतो की नाही हे तिथल्या तिथे पाहता येईल.